गाण्यात उरलेली जागा

८ जुलै १९२१ ला मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्या एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्व भामिनी झाले आणि आमच्या कोल्हापूरचे केशवराव भोसले धैर्यधर. या प्रयोगाच्या आठवणी मराठी माणसाने इतक्या वेळा उगाळल्यात की त्यात नवीन सांगण्यासारखं फारसं उरलेलं नाही. माझं लक्ष मात्र एका वेगळ्याच गोष्टीवर अडतं. धैर्यधराची पदं केशवरावांची नव्हती. नाटक १९११ चं, किर्लोस्कर मंडळीचं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या (तेही कोल्हापूरचेच, हे सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही). आणि रंगमंचावरचा पहिला धैर्यधर म्हणजे नानासाहेब जोगळेकर. आजच्या भाषेत सांगायचं तर केशवराव त्या रात्री कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं आधीच गाजलेलं गाणं, गात होते. तिकीट काढून आलेल्या एकालाही तसं वाटलं नसणार. केशवराव त्या पदांचं काय करतात, हे ऐकायलाच तर लोक आले होते.

त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नाही. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. कोल्हापुरात खासबागेशेजारच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ते जळालं, तेव्हा बघायला जमलेली माणसं डोळे पुसत होती. त्यातल्या कुणीही केशवरावांना प्रत्यक्ष ऐकलेलं असणं शक्य नव्हतं.

'मानापमान'चीच पदं पुढे मास्टर दीनानाथांनी गायली आणि त्यातल्या काहींच्या चाली स्वतःच्या गळ्याच्या धाटणीने सरळ बदलून टाकल्या. यावर कुणी 'मूळ चाल बिघडवली' म्हणून मोर्चा काढला नाही. निदान काढला असला तरी तो विरून गेला आणि चाली राहिल्या.

आपल्याकडे हे असंच चालत आलंय. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाला कोल्हापुरात राहिले. तरुणपणीच त्यांचा आवाज गेला होता, तो पूर्वीसारखा परत आला नाही, तेव्हा त्या खरबरीत आवाजाला झेपेल अशी गायकीच त्यांनी नव्याने बांधली. ती केसरबाईंनी घेतली, मोगूबाईंनी घेतली, मोगूबाईंकडून किशोरीताईंकडे आली. गुरू एक, घराणं एक, बंदिशी त्याच. केसरबाई आणि मोगूबाई लागोपाठ ऐका आणि यातलं मूळ कुठलं ते सांगा बरं. अभंगाचं तर बोलायलाच नको. तुकोबांनी शब्द ठेवले, चाल कुणी लिहून ठेवली? फडाफडात ती वेगळी.

मग मूळ आणि नक्कल ही भानगड आमच्या डोक्यात शिरली कधी? तबकडी आली तेव्हा. गाणं एकदा तबकडीवर चढलं की गायक ठरला, पट्टी ठरली, सुरुवातीचा व्हायोलिनचा पीस ठरला, गायिकेने श्वास कुठे घेतला तेही ठरलं. पुढच्या माणसाने गायचं म्हणजे त्या श्वासासकट गायचं.

आमचे काका या जमान्यातले. तरुणपणी ऑर्केस्ट्रात अॅकॉर्डियन वाजवायचे. गणपतीत कोल्हापूर आणि आसपासची गावं, जत्रांच्या दिवसांत पार सीमाभागापर्यंत. त्यांच्याकडच्या गायकांना स्वतःची नावं अशी नव्हतीच. निवेदक ओरडायचा, "आता येत आहेत व्हॉइस ऑफ मुकेश!" आणि पुढे यायचा तो उद्यमनगरात दिवसभर लेथवर उभा राहून आलेला, नखांत अजून ग्रीस असलेला माणूस. मुकेशसारखं नाकातून गायला की शिट्ट्या, जरा इकडेतिकडे झालं की "ए, बस खाली." मुकेशपेक्षा बरं गावं ही अपेक्षाच नव्हती. काकांचं मत आजही तेच आहे. "मूळ ते मूळ. बाकी सगळी झेरॉक्स."

काकांशी वाद घालायला मला आवडतं, कारण अर्ध्या गोष्टीत ते बरोबर असतात. हिंदी सिनेमातली त्यांच्या काळची गाणी घ्या. तिथे संगीतकाराने चाल बांधली, अरेंजरने साज चढवला, व्हायोलिनं रांगेने बसवली, आणि लताबाईंनी उरलीसुरली फटसुद्धा सुराने बुजवली. दोन ओळींच्या मध्ये बासरी, बासरी संपते तिथे सतार, सतार संपायच्या आत पुन्हा मुखडा. या गाण्यात दुसऱ्याने शिरायचं कुठून? ऐंशीच्या दशकात स्वस्तातल्या व्हर्जन कॅसेटा निघाल्या, जुनीच गाणी नव्या गळ्यांत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॅसेट भरून देणारं दुकान होतं. मालक गिऱ्हाइकाला आधी विचारायचा, "ओरिजिनल पाहिजे का व्हर्जन?" व्हर्जन काही रुपयांनी कमी. गळे वाईट नव्हते. सोनू निगमसारख्या गायकाचं नाव रफींच्या गाण्यांवरच आधी झालं आणि त्या माणसाचा गळा काय आहे हे मी सांगायला नको. पण त्या कॅसेटांवर तो रफींच्या जागी उभा होता, स्वतःच्या नव्हे. त्यातलं एकही गाणं आज मला मुद्दाम काढून ऐकावंसं वाटत नाही.

आता तर कराओके आहे. शाहू स्मारकपासून ते लॉनवरच्या वाढदिवसापर्यंत, शनिवार-रविवारी कोल्हापुरात कुठे ना कुठे 'सुनहरे नगमे' चालू असतात. निवृत्त बँकवाले, डॉक्टर, शिक्षिका. समोर स्टँडवर टॅब, त्यावर शब्दांचा रंग बदलत जाणार, आणि गाणारा त्या रंगाच्या मागे धावणार. मी हौसेला नावं ठेवत नाही. मीही गातो आणि वाईट गातो. पण अशाच एका कार्यक्रमात मला काकांचं उत्तर सापडलं.

एक शाळेतल्या बाई 'लग जा गले' म्हणत होत्या. १९६४ चं मदनमोहनचं गाणं, कराओकेच्या कार्यक्रमात ते नसेल तर पैसे परत मागावेत. बाईंनी ते घोटून घोटून बसवलं होतं, लताबाईंची प्रत्येक हरकत जागेवर. पहिला अंतरा झाला आणि लाईट गेली. ट्रॅक बंद, टॅबचा उजेड तेवढा बाईंच्या हनुवटीवर. कुणीतरी मोबाईलचा टॉर्च लावला. बाई थांबल्या नाहीत. पण ठेका नाही म्हटल्यावर त्यांची लय आपोआप उतरली. दुसरा अंतरा त्यांनी जवळजवळ बोलत म्हटला. एके ठिकाणी श्वास पुरेना म्हणून ओळ मधेच तोडली आणि ती तुटलेली ओळ इतकी खरी वाटली की माझ्या शेजारचे गृहस्थ पुड्यातले शेंगदाणे हातात तसेच धरून बसले. लताबाईंच्या गाण्यात विशीतली मुलगी आहे. इथे साठीच्या घरातली बाई कुणाला तरी 'पुन्हा भेट होईल न होईल' सांगत होती, आणि तो हिशोब तिला अंदाजाने करावा लागत नव्हता.

मग लाईट आली. ट्रॅक पहिल्यापासून सुरू झाला, सुरुवातीच्या पिसासकट. सगळे हसले. बाईंनी गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, अगदी लताबाईंसारखं. टाळ्या दुसऱ्या वेळेला जास्त पडल्या, हेही सांगायला हवं.

माझं म्हणणं यातूनच निघतं. कव्हर मुळापेक्षा सरस व्हायचं तर गाणाऱ्याच्या गळ्याआधी मूळ गाण्याकडे बघावं लागतं. त्यात जागा उरलेली आहे का? पहिल्याने ते अर्धवट सोडलंय का? काठोकाठ भरलेल्या गाण्याला नक्कल करणारेच मिळतात. ज्याने गाणं लिहिलं पण ज्याला ते नीट गाता आलं नाही, किंवा गायचं नव्हतं, त्याच्या गाण्यावर दुसऱ्याचं घर उभं राहतं.

राजारामपुरीत गिटार शिकवणारा माझा एक मित्र आहे. त्याच्याकडे याचे पुरावे तयार असतात. बॉब डिलनने १९६७ साली 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' ध्वनिमुद्रित केलं. साधी गिटार, माउथऑर्गन, मागे बास आणि ड्रम, अडीच मिनिटांत खलास. पुढच्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सने ते घेतलं आणि शब्दांच्या मधल्या मोकळ्या मैदानात इलेक्ट्रिक गिटार सोडली. डिलनच्या गाण्यात वादळाची बातमी येते. हेंड्रिक्सच्या गाण्यात ते पत्रे उडवायला लागतं. गंमत पुढे आहे. खुद्द डिलन नंतर आपलं गाणं हेंड्रिक्सच्या वळणाने गायला लागला आणि तसं त्याने मान्यही केलं. "बघ भावा," मित्र म्हणतो, "बापाने पोराचं आडनाव लावलं." मी त्याला म्हटलं, डिलनचं गाणं त्या मोकळेपणासाठी मला अजूनही ऐकावंसं वाटतं. तो म्हणाला, तू काकांचा पुतण्या शोभतोस.

दुसरा पुरावा त्याहून भारी. 'हर्ट' हे गाणं नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझनरने १९९४ मध्ये आणलं, तेव्हा त्याची तिशी उलटायची होती. स्वतःला इजा करून घेणाऱ्या माणसाचं गाणं, मागे यंत्रांची घरघर. २००२ मध्ये जॉनी कॅशने ते म्हटलं, वय सत्तर, तब्येत ढासळलेली, आवाजाला जागोजाग भेगा. शब्द जवळजवळ तेच. फक्त एके ठिकाणी मूळ गाण्यात मुकुट घाणीचा होता, तो कॅशने काट्यांचा केला. एका शब्दात येशू आत आला आणि तरुण पोराचा त्रागा म्हाताऱ्याचा कबुलीजबाब झाला. पुढच्या सप्टेंबरात कॅश गेला. रेझनरने ते ऐकून-बघून हे गाणं आता माझं राहिलं नाही असं सांगून टाकलं. तिशीच्या आतल्या माणसाने लिहिलेल्या गाण्यात म्हातारपणाची जागा रिकामीच असणार. तो ती भरणार कशी?

उलट, व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे मुळापेक्षा सरस असल्याचं जगाने १९९२ पासून धरून ठेवलंय, ते मला मान्य नाही. मूळ गाणं डॉली पार्टनचं, १९७४ चं. ज्याच्या कार्यक्रमातून तिचं नाव झालं त्या पोर्टर वॅगनरची साथ सोडताना तिने ते लिहिलं. तिच्या गाण्यात बाई पिशवी भरून दाराशी उभी आहे, आवाज चढवला तर रडू फुटेल म्हणून हळू बोलतेय. व्हिटनीच्या गळ्याला सलाम, साथीशिवायची ती सुरुवात तर काय सांगावी. पण पुढे ती इतक्या मोठ्याने निरोप घेते की ही बाई खरंच निघालीय का, असा मला संशय येतो. मित्र यावर माझ्याशी बोलत नाही.

अरीथा फ्रँकलिनच्या 'रिस्पेक्ट'चं मात्र आमचं एकमत. ओटिस रेडिंगचं १९६५ चं गाणं म्हणजे कामावरून घरी येणारा नवरा बायकोकडे मान मागतो. १९६७ मध्ये अरीथाने तेच बाईच्या तोंडी घातलं, त्या शब्दाची अक्षरं सुटी सुटी म्हणून दाखवली, आणि नवरा कायमचा गप्प झाला.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा फाटा फोडतं ते आपलं 'गीतरामायण'. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक गीत, अशी छप्पन्न. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या चाली. आणि हे बाबूजीही जन्माने कोल्हापूरचे, बरं का. पण तेव्हा ती सगळी गाणी बाबूजींनी गायली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, लताबाई, अशी मोठी मांदियाळी होती, भूमिकेप्रमाणे गळा. सीता बाईच्या आवाजात, कौसल्या बाईच्या आवाजात. पुढे बाबूजी एकटेच छप्पन्नच्या छप्पन्न गायला लागले, त्याच्या तबकड्या निघाल्या, आणि आज कुठल्याही घरात रामनवमीला जे लागतं ते बाबूजींचं. म्हणजे सबंध महाराष्ट्र ज्याला मूळ समजतो ते बऱ्याच गाण्यांच्या बाबतीत कव्हर आहे, संगीतकाराने स्वतःचंच केलेलं.

सीतेचा विलाप पुरुषाच्या आवाजात, तोही पन्नाशीकडे झुकलेल्या. खरं तर खटकायला हवं. खटकत नाही, कारण आपल्या कानांना कीर्तनकाराची सवय आहे. एकच बुवा उभा राहतो, उपरणं सारखं करतो आणि राम, कैकेयी, वानर सगळे होतो. आकाशवाणीवर ते संगीतिकेसारखं होतं, बाबूजींनी ते कथेकऱ्याचं केलं. इथे मूळ गाणी अर्धवट नव्हती, गळे कमी तर मुळीच नव्हते. बाबूजींनी एकेका गाण्यात जागा शोधलीच नाही. छप्पन्न गाण्यांना मिळून एक सांगणारा नव्हता, ते स्वतः तिथे जाऊन बसले. तरी माणिकबाईंचं एखादं मुद्रण कुठे सापडलं की मी बाबूजींना थोडा वेळ बाजूला ठेवतो. माणिकबाईंचा लडिवाळपणा बाबूजींकडे नाही.

आणि शब्दच काढून घेतले तर? अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडवर थांबून बेंजो ऐकलाय का कधी? बाहेरगावच्या लोकांना हे वाद्य माहीत नसतं. लाकडी पेटीवर तारा, वर गोल बटणांची रांग. डावा हात बटणांवर, उजव्या हातात नखी. हल्ली त्याला पिकअप लावून टेम्पोवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून सोडतात. एका मंडळापुढे डोक्याला रुमाल बांधलेला एक पोरगा 'ऐरणीच्या देवा' वाजवत होता. भालजी पेंढारकरांच्या १९६५ च्या 'साधी माणसं'मधलं गाणं. शब्द जगदीश खेबुडकरांचे, संगीत आनंदघन या नावाने स्वतः लताबाईंचं, गळाही त्यांचाच. कोल्हापूरला या गाण्याबद्दल काही सांगायला जाऊ नये. बेंजोची अडचण अशी की तारेचा सूर टिकत नाही, छेडला की विझला. लताबाई जिथे सूर लांबवतात तिथे त्या पोराला एकच तार भराभर छेडत राहावं लागत होतं, मनगट थरथरतंय, सूर थरथरतोय. लताबाईंच्या आवाजातली मायेने केलेली विनवणी त्या थरथरण्यात एकदम कष्टाची झाली. गाणं लोहाराच्या घरातलं आहे, हे मला तिथे पहिल्यांदा अंगावर आलं. मूळापेक्षा चांगलं? त्या चार मिनिटांपुरतं, हो. काकांना सांगितलं तर म्हणाले, "त्यो पोरगा दुसरा अंतरा चुकला असणार, सगळेच चुकतात."

तेव्हापासून डोक्यात आहे की हे गाणं एखाद्या म्हाताऱ्या पुरुषाने म्हणावं. चित्रपटात ते नवरा-बायकोच्या संसाराचं आहे, पण ऐकू येते ती बायको. घण मारणारा काय म्हणेल? आता यात कायद्याचा एक विनोद आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ३१सी कलम आलं. पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर आणखी पाच वर्षं थांबा, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशोबाने रॉयल्टी भरा, मग कव्हर काढायची मुभा. पण एक मोठी अट, मालकाच्या संमतीशिवाय शब्दांत आणि सुरावटीत तांत्रिक गरजेपलीकडे बदल करायचा नाही. म्हणजे झेरॉक्सला सरकारी रस्ता, आणि दीनानाथांसारखं काही करायचं असेल तर आधी मालकाचं दार वाजवा. २००२ च्या 'कांटा लगा'च्या रिमिक्सनंतर जुनी गाणी करणाऱ्यांवर लोक चिडून होते, त्यामुळे कायद्याचा हेतू मला कळतो. पण हिशोब उलटा लागला.

आम्हाला काही विकायचं नाही, तेव्हा मित्राने गिटारवर गाणं बसवायला घेतलंय. गायला त्याने उद्यमनगरातल्या भट्टीवर उमर घालवलेले, आता गल्लीतल्या भजनी मंडळात असलेले एक आजोबा धरून आणले. पहिल्याच बैठकीला आजोबांनी मुखडा दोनदा म्हटला, तिसऱ्यांदा म्हणताना लय वाढवली आणि अंतऱ्याच्या आत सरळ 'विठ्ठल विठ्ठल'चा गजर घातला. मित्राने गिटार थांबवली आणि हे आपलं ठरलं नव्हतं म्हणाला. काकांनी, ज्यांना आम्ही बोलावलंही नव्हतं, मांडीवर अॅकॉर्डियन घेऊन विचारलं की अंतऱ्याआधीचा पीस कुठं गेला. आजोबांनी दोघांकडेही बघितलं नाही. पेटीवाल्याला म्हणाले, "काळी दोनला माझा गळा चढत नाही बाबा. पांढरी एकला लाव, आणि ह्यांचं भांडण मिटलं की सांग."